चौदा-तीनशेवरची शांतता

(पडद्यावर: जुन्या जहाजाच्या रेडिओखोलीतलं घड्याळ. टिकटिक.)

हे घड्याळ नीट बघा. तबकडीवर चार रंगीत पाचरी आहेत, दोन तांबड्या आणि दोन हिरव्या. जुन्या जहाजांवर रेडिओ ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर असंच घड्याळ टांगलेलं असे. दर तासाच्या 15व्या आणि 45व्या मिनिटाला काटा तांबड्या पाचरीत शिरायचा. मग पुढची तीन मिनिटं 500 किलोहर्ट्झवर, म्हणजे मोर्स संदेशांच्या लहरीवर, कुणीही काही पाठवायचं नाही, फक्त कान लावून बसायचं. हिरव्या पाचरी 2182 किलोहर्ट्झसाठी, म्हणजे तोंडी बोलण्याच्या लहरीसाठी. तिथे तास भरला की आणि अर्ध्या तासाला मौन. जगभरच्या समुद्रांवरचं हे बोलणं तासातून दोनदा थांबायचं, कारण एखादी क्षीण हाक त्या गलबल्यात दबून जाऊ नये.

ही शिस्त फार महाग पडून आलेली आहे. 14 एप्रिल 1912च्या रात्री टायटॅनिकचा रेडिओ ऑपरेटर जॅक फिलिप्स प्रवाशांचे निरोप केप रेसच्या किनारी केंद्राला पाठवत होता. कामाचा ढीग साचला होता. तेवढ्यात जवळच्या कॅलिफोर्नियन या जहाजावरून सिरिल इव्हान्सचा संदेश आला, आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. जवळून आलेला तो आवाज कानठळ्या बसवणारा होता. फिलिप्सनं त्याला गप्प राहायला सांगितलं. मी केप रेसशी बोलतो आहे, म्हणाला. थोड्या वेळानं इव्हान्सनं संच बंद केला आणि तो झोपला. त्यानंतर काही मिनिटांतच, 11 वाजून 40 मिनिटांनी, टायटॅनिक हिमनगावर आदळलं.

फिलिप्स वाईट माणूस नव्हता. बोट बुडेपर्यंत तो संदेश पाठवत राहिला आणि त्यातच गेला. एका लहरीवर दोन कामं आली, दोघांनाही आपापलं काम महत्त्वाचं वाटलं, आणि जवळपास ऐकायला कुणी उरलं नाही.

(पडद्यावर: हॅम रेडिओच्या संचाची तबकडी. आकडा फिरत फिरत 14.300वर येऊन थांबतो.)

आता या आकड्याकडे या. 14.300 मेगाहर्ट्झ. हॅम, म्हणजे हौसेनं रेडिओ चालवणारी मंडळी, लहरींच्या ज्या पट्ट्याला वीस मीटरचा बँड म्हणतात, त्यातली ही एक जागा. इथे 1968पासून मेरीटाइम मोबाइल सर्व्हिस नेट चालतं. अमेरिकेतले हौशी ऑपरेटर दिवसाचे कित्येक तास आळीपाळीनं इथे बसतात आणि अटलांटिक, कॅरिबियन, पॅसिफिकमधल्या शिडाच्या होड्यांची विचारपूस करतात. पॅसिफिकच्या नाविकांसाठीचं नेटही याच आकड्यावर भरतं. ब्रिटनचं नेट थोडं वर, 14.303वर. हिंदी महासागरातल्या होड्यांचा आधार असलेलं दक्षिण आफ्रिकेचं नेट 14.316वर.

नेट म्हणजे रेडिओवरची हजेरी. एक जण सूत्रं सांभाळतो, त्याला नेट कंट्रोल म्हणतात. एकेक होडी आपलं ओळखचिन्ह सांगते, त्यामागे ‘मेरीटाइम मोबाइल’ जोडते, मग अक्षांश, रेखांश, वारा, लाटा, होडीवर किती माणसं. बहुतेक दिवशी एवढंच. ऐकणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. पण काल ज्या होडीनं हजेरी दिली ती आज बोलली नाही, तर तिची शेवटची जागा कुणाच्या तरी वहीत लिहिलेली असते.

कुणी विचारेल, आता उपग्रह आहेत की! आहेतच. 1 फेब्रुवारी 1999पासून मोठ्या जहाजांसाठी जीएमडीएसएस ही संकटकाळच्या संपर्काची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ती घड्याळं भिंतीवरची शोभा झाली. 406 मेगाहर्ट्झचा संकट-दीप पाण्यात पडला की उपग्रहाला जागा कळते. प्रत्येक होडीवर तो असलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण तो दीप बोलत नाही. सुकाणू तुटलंय, एकाच्या पोटात दोन दिवस दुखतंय, उजव्या बाजूला दुखतंय, औषधाच्या पेटीत काय काय आहे ते सांगतो, हे सगळं त्याला सांगता येत नाही. उपग्रहाच्या फोनवर एक माणूस भेटतो. नेटवर एकाच वेळी पाचपन्नास कान असतात, त्यात एखादा डॉक्टर निघतो, एखादा त्याच बंदरात राहणारा निघतो.

(पडद्यावर: अनेक आवाज एकमेकांत मिसळलेले. ‘सीक्यू कॉन्टेस्ट, सीक्यू कॉन्टेस्ट.’)

आणि ही दुसरी बाजू. ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार. सीक्यू वर्ल्ड वाइड, म्हणजे जगभरच्या जास्तीत जास्त केंद्रांशी बोलण्याची हॅम मंडळींची स्पर्धा, तिची आवाजी फेरी. 48 तास, सहा बँड. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला ती सुरू होते. भारतातला ऑपरेटर ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू’ म्हणतो: फाइव्ह नाइन म्हणजे तुझा आवाज उत्तम येतोय, आणि ट्वेंटी टू कारण जगाच्या या स्पर्धेपुरत्या नकाशात भारत 22व्या विभागात येतो. पलीकडून त्याचा विभाग येतो, वहीत नोंद, की पुढचा. काही सेकंदांत एक गाठभेट. ही माणसं झोप टाकून बसतात, वर्षभर मनोऱ्यावर चढून अँटेना सुधारतात. संकटात कामाला येतं ते हेच कौशल्य. स्पर्धकांकडे हुल्लडबाज म्हणून बघणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

पण जागा किती आहे बघा. वीस मीटरच्या बँडवर 14.150पासून 14.350पर्यंत, म्हणजे 200 किलोहर्ट्झ धरले, आणि एका आवाजाला अडीच ते तीन किलोहर्ट्झ लागतात, तर एका वेळी फार तर 65 ते 80 बोलणी मावतात. त्या शनिवारी बँडवर येणारे हजारो. आठवडी बाजारात पाल ठोकायला जागा शोधावी तसं जो तो फट शोधत फिरतो.

आणि इथेच खरी अडचण आहे, ती माणसांच्या स्वभावात कमी आणि आकाशात जास्त.

14 मेगाहर्ट्झची लहर जमिनीलगत फार दूर जात नाही. ती वर जाते, जमिनीपासून काही शे किलोमीटरवरच्या आयनांच्या थरावरून वळते आणि हजार, दोन हजार, तीन हजार किलोमीटरवर खाली उतरते. मधल्या पट्ट्यात तिचा पत्ताच नसतो. समजा युरोपातला एक स्पर्धक 14.300वर आला. नियमाप्रमाणे त्यानं विचारलं, ही जागा कुणी वापरतंय का? नेट कंट्रोल अमेरिकेत, त्या घटकेला नुसता ऐकत बसलाय. होडी अटलांटिकमध्ये, तिचा संच 100 वॉटचा, अँटेना म्हणजे डोलकाठीला मागून ताणलेली पोलादी तार, आणि बॅटरी अर्धी उतरलेली. स्पर्धकाची अँटेना जपानकडे वळवलेली. पाठीमागून आलेल्या बारीक आवाजाला ती जवळजवळ बहिरीच. त्याला काहीच ऐकू येत नाही. तो प्रामाणिकपणे समजतो, जागा मोकळी आहे. आणि बोलायला लागतो, होडीच्या कित्येक पट ताकदीनं.

होडीला मात्र तो ऐकू येतो. इतका, की बाकी काही ऐकू येत नाही.

म्हणून ‘मी विचारलं होतं, कुणी उत्तर दिलं नाही’ हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं. एकदा विचारून दोन सेकंदांत सुरू होणं आणि दोनदा विचारून, अँटेना फिरवून, पूर्ण मिनिटभर ऐकणं, यात होडीवरच्या माणसाच्या दृष्टीनं सगळा फरक आहे.

आता कायदा. अमेरिकेचा नियम साफ आहे: हौशी बँडवरची कोणतीही फ्रिक्वेन्सी कुणा एका केंद्राच्या मालकीची नाही. त्याच नियमात लगेच पुढे म्हटलंय, सर्व वेळी, सर्व फ्रिक्वेन्सींवर, आणीबाणीच्या बोलण्याला आधी वाट द्या. दोन्ही बाजू भांडताना आपल्या सोयीचं वाक्य म्हणतात. नेटवाल्यांचंही चुकतं. रिकाम्या वेळी ‘ही आमची जागा आहे’ असं दरडावलं की समोरचा हट्टाला पेटतो. जागा त्यांची नाही. ती ओळखीची आहे, आणि त्याचं मोल मालकीपेक्षा जास्त आहे. गावात सुईणीचं घर कुठल्या आळीला आहे हे मध्यरात्रीही ज्याला त्याला ठाऊक असायचं, तसं.

स्पर्धकांपैकी काही जण सुचवतात, 10, 18 आणि 24 मेगाहर्ट्झवर स्पर्धा होत नाहीत, नेटनं त्या दोन दिवसांपुरतं 18वर जावं. रोजच्या हजेरीपुरतं हे मला पटतं, 14.300प्रमाणे 18.160 हीदेखील हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आणीबाणीसाठी सुचवलेली जागा आहे. पण होडीत पाणी शिरत असताना सुकाणूवरच्या माणसाला स्पर्धेचं वेळापत्रक आठवायचं नाही. त्याला एकच आकडा पाठ असतो.

(पडद्यावर: मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरचं चक्रीवादळ, उपग्रहातून.)

23 ऑक्टोबर 2015. पॅट्रिशिया नावाचं वादळ. समुद्रावर असताना त्यातल्या वाऱ्याचा वेग ताशी 345 किलोमीटरपर्यंत गेला होता. ते मेक्सिकोच्या हलिस्को राज्यात किनाऱ्यावर धडकलं तेव्हा जागतिक वेळेनुसार रात्रीचे 11 वाजत होते. सीक्यू वर्ल्ड वाइड सुरू झाली बाराच्या ठोक्याला. मध्ये फक्त एक तास. अशा वादळांची माहिती गोळा करणारं हरिकेन वॉच नेट 1965च्या बेट्सी वादळापासून चालत आलंय. दिवसा त्याची जागा 14.325, त्याच वीस मीटरच्या बँडवर.

वादळ स्पर्धेची तारीख पाहून येत नाही.

(पडद्यावर: पोर्ट ब्लेअर.)

आपल्याच समुद्रातली एक गोष्ट. डिसेंबर 2004मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात व्हीयू4आरबीआय या चिन्हानं बोलत होते. तिथून हॅमचा आवाज कित्येक वर्षांनी निघाला होता, त्यामुळे जगभरचे ऑपरेटर त्यांच्यावर तुटून पडले होते. मिळतील तितक्या गाठीभेटी करायच्या, तीच घाई, तीच चुरस. 26 डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली, त्सुनामी आली, बेटांचे फोन गेले. गाठीभेटी थांबल्या. कालपर्यंत दोन-दोन सेकंदांची बोलणी करणारे तेच संच आता मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांसाठी निरोप पोचवू लागले: अमुक सुखरूप आहे, तमुक सुखरूप आहे.

युरोप, आफ्रिका आणि उत्तर आशियासाठीच्या बँड आराखड्यात वीस मीटरवरच्या आवाजी स्पर्धांसाठी 14.125 ते 14.300 हा पट्टा सुचवलाय. म्हणजे स्पर्धेची वेस आणि हाकेची जागा एकाच रेघेवर. त्यात आपला आवाज आकड्याच्या वरच्या बाजूला पसरतो, 14.298वर बोललेलं 14.300च्या पलीकडे सांडतं. म्हणून स्पर्धकांना माझी विनंती एवढीच आहे: 14.295 ते 14.305 सोडा. 200तले 10 किलोहर्ट्झ. सहा बँडांतल्या एका बँडचा विसावा भाग. आणि नेटवाल्यांना विनंती, कुणी विचारलं तर तत्काळ आणि गोड आवाजात उत्तर द्या, कारण त्याला तुमच्या होड्या ऐकू येत नाहीत.

(पडद्यावर: पुन्हा रेडिओची तबकडी. आवाज हळूहळू विरतात.)

आता नेट कंट्रोल विचारतोय, कुठल्या जहाजाला, कुठल्या होडीला काही तातडीचं सांगायचं आहे का? असं विचारून तो थांबतो. आपणही थांबू.

(दहा सेकंद फक्त खरखर.)