काठाला पोचा पडलेली वाटी
(पूरमदत स्वयंसेवकांसमोरचं व्याख्यान, संपादित)

22 जुलै 2021 ची पहाट चिपळूणकरांना मी काय सांगणार? वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले, हे तुम्ही अंगावर झेललंय. मी विशेष शिक्षिका. बोटी-दोरखंडातलं मला कळत नाही. म्हणून एका वाटीबद्दल बोलते.

नऊ वर्षांचा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला मुलगा. बोलत नाही. रोजचा वरणभात स्टीलच्या एकाच वाटीत, काठाला पोचा पडलेल्या. ती चिखलात गेली. निवाऱ्यात खिचडी मिळाली कागदी द्रोणात. दीड दिवस पोराने तोंड उघडलं नाही. बायका म्हणाल्या, "भूक लागली की खाईल." नाही खाल्लं. त्याच्या लेखी द्रोणातलं ते जेवणच नव्हतं. शेवटी एका स्वयंसेवकाने वरच्या आळीतून स्टीलची वाटी मागून आणली. पोचा नव्हता, तरी चार घास गेले.

निवारा म्हणजे पत्र्याचं छप्पर, जनरेटरची घरघर, ब्लीचिंग पावडरचा वास आणि शंभर अनोळखी माणसं. आपले कान-नाक थोड्या वेळात सरावतात. स्वमग्न मुलांचे सरावतातच असं नाही. मग मूल किंचाळतं, लोक वळून बघतात आणि आई त्याला घेऊन पावसात बाहेर जाते. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमध्येही अशी कुटुंबं निवारा टाळून गाडीत राहिली. तेव्हा शाळेतला एखादा कोपऱ्यातला वर्ग, तोही नसेल तर जिन्याखालची जागा, चादरीचा आडोसा करून त्यांच्यासाठी राखा.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवाच. यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, आणि नकळत निसटून जायची सवयही. मूल दिसेनासं झालं तर पहिली धाव पाण्याकडे घ्या: नदी, विहीर, उघडं गटार. घरं नंतर शोधा. मुलाचा फोटो पहिल्याच दिवशी दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. काहींना फिट्सही येतात. गोळ्या वाहून गेल्यात का, हे ब्लँकेट देण्याआधी विचारा.

2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. त्या नोंदीत आपल्या गावातली ही मुलं आहेत का, हे जूनआधी विचारून या. पाणी चढल्यावर यादी कोण शोधणार?

पाणी ओसरल्यावर घरी न्यायची घाई करू नका. चिखलाने माखलेल्या खोलीचे, मग धुतलेल्या खोलीचे फोटो आधी दाखवा. तरीही काही मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, आलेले शब्द हरवतात, पत्र्यावर सर आली की कान दाबून बसतात. महिनोन्‌महिने चालतं हे, आणि तोवर आपण स्वयंसेवक पांगलेले असतो.

आणि "काही लागलं तर सांगा" हे म्हणायचं सोडा. कोणी सांगत नाही. "मंगळवारी चारला येतो" म्हणा आणि या. मी त्या वाटीवाल्या मुलाच्या आईकडे अशीच गेले होते, म्हटलं, "दोन तास याला मी बघते, तुम्ही घर आवरा." ती म्हणाली, "बाई, हा माझ्याशिवाय राहायचा नाही. तुम्ही घमेलं घ्या."

घेतलं.