दगडावरून कागदावर उतरलेले अक्षर

श्रोतेहो, नमस्कार. संगणकावरच्या अक्षरवळणांच्या यादीत ‘बास्करव्हिल’ हे नाव आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते अठराव्या शतकातील एका इंग्रज कारागिराचे आडनाव आहे, आणि हा कारागीर छपाईकडे वळला तो वयाच्या चाळिशीनंतर.

जॉन बास्करव्हिल यांचा जन्म १७०६ मधला, वूस्टरशर परगण्यातल्या वुल्व्हर्ली गावचा. बर्मिंगहॅमला येऊन ते सुलेखन शिकवू लागले आणि जोडीने थडग्यांवरचे लेखही कोरून देऊ लागले. जाहिरातीसाठी त्यांनी कोरलेली एक छोटी पाटी आजही जपून ठेवलेली आहे. हव्या त्या वळणात लेख कोरून मिळेल असे तिच्यावर लिहिले आहे आणि ते लिहितानाच निरनिराळी वळणे करून दाखवली आहेत, म्हणजे नमुना आणि जाहिरात एकाच दगडात. पुढे पत्र्याच्या वस्तूंवर चकचकीत काळे रोगण चढवण्याच्या धंद्यात त्यांनी भरपूर पैसा मिळवला आणि १७५० च्या सुमारास तो छापखान्यात ओतायला सुरुवात केली.

खिळ्यांसाठी, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांसाठी, लागणारे पोलादी ठसे जॉन हँडी या कसबी माणसाने कापले, पण वळण बास्करव्हिल यांचे होते: जाड रेघ ठसठशीत, बारीक रेघ केसासारखी. असली रेघ खडबडीत कागदावर आणि पातळ शाईत टिकणार कशी? म्हणून शाई त्यांनी घरीच घोटली, छापयंत्राची बैठक घट्ट आणि सपाट करून घेतली, आणि छापलेला ओलसर कागद तांब्याच्या तापवलेल्या पत्र्यांमध्ये दाबून त्याला तकाकी आणली. रोगणाच्या कारखान्यात मुरलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला वाटते. १७५७ साली त्यांनी व्हर्जिल या रोमन कवीचे काव्य छापले, तेव्हा त्यातील काही भागासाठी जाळीच्या रेघा न उमटणारा नव्या पद्धतीचा गुळगुळीत कागद वापरला होता.

इंग्लंडमध्ये मात्र कुरकुर झाली. या बारीक रेघांनी वाचकांचे डोळे जातील, असे एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिन यांना ऐकवले. फ्रँकलिन स्वतः मुद्रक. त्यांनी कॅस्लन या इंग्लंडमधल्या नावाजलेल्या खिळे ओतणाऱ्याच्या खिळ्यांचा नमुना घेतला, वरचे नाव फाडून टाकले आणि तो बास्करव्हिल यांचा म्हणून त्या गृहस्थापुढे ठेवला. गृहस्थांनी त्यातले दोष एकेक करून दाखवले, आणि वाचताना डोळे दुखतात अशी तक्रारही केली. ते स्वतः रोज वाचत होते ती बरीचशी पुस्तके कॅस्लन यांच्याच खिळ्यांनी छापलेली होती!

१७६३ साली बास्करव्हिल यांनी केंब्रिज विद्यापीठासाठी भव्य बायबल छापले. स्वतः धर्म न मानणाऱ्या माणसाने हे काम एवढ्या निगुतीने करावे, याची गंमत वाटते. पैसा मात्र सुटला नाही. छपाईच्या धंद्याला आपण कंटाळलो आहोत, असे ते १७६२ मध्येच एका पत्रात लिहून गेले होते. १७७५ मध्ये ते वारले. इच्छापत्रात सांगितल्याप्रमाणे त्यांना चर्चच्या आवारात नव्हे, तर स्वतःच्याच जागेत पुरण्यात आले. पत्नी सारा यांनी १७७९ मध्ये छापखान्याचा ऐवज बोमार्शे या फ्रेंच नाटककाराला विकला, आणि त्यातल्या खिळ्यांतून फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअर यांचे समग्र साहित्य छापले गेले. मूळचे पोलादी ठसे पॅरिसच्या खिळे ओतणाऱ्या एका कारखान्याकडून केंब्रिजला परत आले ते १९५३ साली.