टेकलेला गुडघा आणि नियमांची वही

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याआधी राष्ट्रगीत होतं ते जेमतेम दोन मिनिटं. 2016 मध्ये कॉलिन केपर्निक या खेळाडूने कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून त्या वेळी गुडघा टेकला, इतरही टेकू लागले, आणि त्या दोन मिनिटांत एखादा खेळाडू उभा आहे की गुडघ्यावर, यावरून तेव्हापासून अख्खा देश भांडला. हे भांडण देशभक्तीचं आहे, असं दोन्ही बाजू सांगतात. मी मात्र आज नियमांबद्दल बोलणार आहे. राष्ट्रगीताला उभं राहा, हे नेमकं कोण सांगतं, कोणत्या शब्दांत सांगतं, आणि नाही ऐकलं तर काय करू शकतं? एवढं नीट पाहिलं की बराच धुरळा खाली बसतो.

आधी कायदा. राष्ट्रगीताच्या वेळी कसं वागावं याचं एक कलम अमेरिकेच्या संघीय कायद्यात आहे. झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहावं, उजवा हात हृदयावर ठेवावा. पुरुषाच्या डोक्यावर टोपी असेल तर ती उजव्या हाताने काढून डाव्या खांद्याशी धरावी, म्हणजे हात आपोआप हृदयावर येतो. गणवेशातल्या सैनिकाने पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सलामी द्यावी. झेंडा लावलेला नसेल तर संगीत येतंय त्या दिशेला तोंड करावं. ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल, सगळं ‘करावं’च्या भाषेत आहे, ‘केलंच पाहिजे’च्या नाही. शिक्षा तर कुठेच सांगितलेली नाही.

जाता जाता एक गंमत. मोठ्या सामन्यांत मैदानभर पसरलेला अवाढव्य झेंडा शेकडो माणसं आडवा धरून उभी असतात. झेंड्याची संहिता सांगते की झेंडा सपाट, आडवा कधीच नेऊ नये. गुडघा टेकणाऱ्याला संहिता दाखवणारे लोक या आडव्या झेंड्याला टाळ्या वाजवतात, आणि त्यात त्यांना काही खटकत नाही.

सरकारला अशी सक्ती का करता येत नाही, याचं मूळ शाळेच्या वर्गात आहे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची मुलं झेंड्याला वंदन करत नसत, कारण वंदन फक्त देवाला करायचं अशी त्यांची श्रद्धा. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांची सक्ती उचलून धरली. तीनच वर्षांनी, 14 जून 1943 रोजी, वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला आणि सरकार कुणालाही असं वंदन करायला भाग पाडू शकत नाही, असं ठरवलं. तेव्हा महायुद्ध ऐन भरात होतं आणि त्या दिवशी ध्वजदिन होता.

पण हा निकाल बांधतो सरकारला. खाजगी मालकाला नाही. लोकांची गल्लत होते ती इथेच. ‘घटनेने दिलेला हक्क आहे’ असं खेळाडूचा चाहता म्हणतो, तेव्हा तो अर्धंच बरोबर असतो. गुडघा टेकला म्हणून पोलीस पकडू शकत नाहीत, पण संघाचा मालक काय करू शकेल हे करार आणि लीगचे नियम ठरवतात. त्यातून एक उलटाच प्रकार होतो. सरकारी शाळेच्या संघातल्या पोराला जे संरक्षण आहे, ते कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला नाही. कॅलिफोर्नियातल्या एका शालेय खेळाडूवर गुडघा टेकायला बंदी घातली गेली, तेव्हा डिसेंबर 2017 मध्ये संघीय न्यायालयाने त्या बंदीला मनाई केली. व्यावसायिक खेळाडूला असं थेट घटनेचं कलम घेऊन मालकाविरुद्ध जाता येत नाही.

आता लीगची वही उघडू. बास्केटबॉलच्या एनबीएचा नियम सरळ आहे: रांगेत, सन्मानपूर्वक उभं राहायचं. 1996 मध्ये डेन्व्हर नगेट्स संघाचा महमूद अब्दुल-रौफ आपल्या इस्लामी श्रद्धेमुळे कित्येक महिने राष्ट्रगीताला उभा राहत नव्हता, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बोभाटा झाल्यावर मार्चमध्ये लीगने त्याला निलंबित केलं. एका सामन्याचे 31,707 डॉलर बुडाले. मग तोडगा निघाला: उभं राहायचं, पण डोळे मिटून, ओंजळीत तोंड घेऊन प्रार्थना करायची. नियम पाळला गेला, त्याची श्रद्धाही राहिली. पुढे जुलै 2020 मध्ये याच लीगमध्ये दोन्ही संघ रांगेने गुडघ्यावर बसले, तेव्हा नियम वहीत तसाच होता. आयुक्तांनी तो लावायचा नाही असं ठरवलं, इतकंच.

फुटबॉलच्या एनएफएलचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. तिथली तरतूद खेळाच्या नियमांत नसून सामन्याच्या आयोजनाच्या पुस्तिकेत आहे. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मैदानाच्या कडेला हजर असलंच पाहिजे, असं ती म्हणते. पुढचं वाक्य मात्र मऊ पडतं: सावधान उभं राहावं, झेंड्याकडे तोंड करावं, हेल्मेट डाव्या हातात धरावं, बोलू नये. हजर राहणं सक्तीचं, उभं राहणं अपेक्षित. 2016 मध्ये लीगला कुणावर कारवाई करता आली नाही, त्याचं एक कारण हा फरक. शिवाय ही हजेरीसुद्धा फार जुनी नाही. 2009 पर्यंत रात्रीच्या मोठ्या प्रक्षेपणांत खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी बहुधा ड्रेसिंग रूममध्येच असत.

इथे एक गैरसमज खोडून काढतो. संरक्षण खात्याने पैसे मोजले म्हणून खेळाडू उभे राहू लागले, असं सर्रास सांगितलं जातं. 2015 मध्ये जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या सिनेटरांनी अहवाल काढला. त्यात सैनिकांचे सत्कार, झेंडे, गणवेशातली मिरवणूक अशा कार्यक्रमांसाठी निरनिराळ्या खेळांतल्या संघांना 68 लाख डॉलर दिल्याचं उघड झालं. ते लाजिरवाणं होतंच. पण खेळाडूंना उभं करण्याचे ते पैसे होते, असं त्यात सिद्ध झालेलं नाही.

मुळात खेळाच्या मैदानात हे गाणं रुजलं ते युद्धामुळे. 5 सप्टेंबर 1918, शिकागो, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. सातव्या डावाच्या मधल्या विश्रांतीत बँडने ते वाजवलं, तेव्हा नौदलातून रजेवर आलेला फ्रेड थॉमस नावाचा खेळाडू सलामी देऊन उभा राहिला आणि प्रेक्षक गाऊ लागले. या गाण्याला अधिकृत राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला 1931 मध्ये. प्रत्येक सामन्याआधी ते वाजवायची रीत पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धात.

आता कॉलिन केपर्निक. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू. ऑगस्ट 2016 मधल्या सरावाच्या पहिल्या दोन सामन्यांत तो राष्ट्रगीताला बाकावर बसून राहिला. अंगात सामन्याचा पोशाख नव्हता, त्यामुळे कुणी पाहिलंच नाही. 26 ऑगस्टला तो पोशाखात होता, आणि गाजावाजा झाला. कारण त्याने स्वच्छ सांगितलं: कृष्णवर्णीयांवर अन्याय करणाऱ्या देशाच्या झेंड्याचा अभिमान दाखवायला मी उभा राहणार नाही. रोख होता पोलिसांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंवर.

मग नेट बॉयर या माजी कमांडोने त्याला जाहीर पत्र लिहिलं. बॉयर स्वतः काही काळ फुटबॉल खेळलेला. 1 सप्टेंबरला सॅन डिएगोत दोघे भेटले. संघापासून वेगळं बाकावर बसून राहणं सैनिकांना तुच्छतेचं वाटतं, असं बॉयरचं म्हणणं. सहकाऱ्यांच्या रांगेत ये आणि एक गुडघा टेक, धारातीर्थी पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे आम्ही तसेच टेकतो, असं त्याने सुचवलं. त्या संध्याकाळी केपर्निक आणि त्याचा सहकारी एरिक रीड यांनी गुडघा टेकला. शेजारी बॉयर छातीवर हात ठेवून ताठ उभा. म्हणजे ज्या गुडघ्याला पुढे सैन्याचा अपमान म्हटलं गेलं, तो एका सैनिकाच्या सल्ल्याने, मान राखण्यासाठी टेकला होता. केपर्निकच्या बाजूनेही चूक झालीच. सरावाच्या वेळी त्याने पोलिसांची टोपी घातलेल्या डुकरांचे मोजे घातले होते. ते छायाचित्र फिरत राहिलं आणि गुडघ्याचा सौम्यपणा त्यात वाहून गेला.

मार्च 2017 मध्ये तो करारातून बाहेर पडला, आणि नंतर एकाही संघाने त्याला घेतलं नाही. त्याने तक्रार केली ती संघमालकांच्या संगनमताची. ही तक्रार सिद्ध करणं फार कठीण असतं. नोकरी मिळाली नाही, एवढं दाखवून भागत नाही. संघांनी आपसांत किंवा लीगशी मिळून ठरवल्याचा पुरावा लागतो. ऑगस्ट 2018 मध्ये लवादाने तक्रार फेटाळायला नकार दिला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तडजोड झाली. रक्कम गुप्त.

मधल्या काळात, 22 सप्टेंबर 2017 रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अलाबामातल्या सभेत अशा खेळाडूंना शिवी हासडून मालकांनी त्यांना हाकलावं असं सांगितलं. दोनच दिवसांनी दोनशेहून जास्त खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर टेकले. पोलिसांबद्दलचा निषेध राष्ट्राध्यक्षांविरुद्धचा झाला, आणि माझ्या मते मूळ मुद्दा तिथेच हरवला. मे 2018 मध्ये लीगने नवा नियम केला: मैदानावर असाल तर उभं राहायचं, नाहीतर आत ड्रेसिंग रूममध्ये थांबायचं, आणि मोडलात तर दंड संघाला. खेळाडू संघटनेने आक्षेप घेतला आणि जुलैतच तो गुंडाळून ठेवावा लागला.

ऑलिम्पिकची वही याहून कडक. 16 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको सिटीत टॉमी स्मिथने 200 मीटर 19.83 सेकंदांत जिंकले. विजयमंचावर राष्ट्रगीत सुरू असताना, वर्णभेदाचा निषेध म्हणून, त्याची हातमोजा घातलेली उजवी मूठ वर, तिसरा आलेल्या जॉन कार्लोसची डावी, कारण हातमोज्यांची जोडी एकच होती. कार्लोस आपली विसरून आला होता. एकेक वाटून घ्या, हे सुचवलं दुसऱ्या आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मनने. दोघा अमेरिकनांना संघातून काढून क्रीडाग्रामाबाहेर घालवलं, पदकं मात्र काढून घेतली नाहीत. जुलै 2021 पासून ऑलिम्पिकमध्ये स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानावर गुडघा टेकता येतो. विजयमंचावर किंवा राष्ट्रगीताच्या वेळी नाही.

वेळ बदलली की वाद मिटतो, हा हिशेब डॅलस काउबॉइज संघानेही करून पाहिला. 25 सप्टेंबर 2017, ॲरिझोनामधलं ग्लेन्डेल. मालक जेरी जोन्स यांच्यासह सगळा संघ हातात हात अडकवून एकदम गुडघ्यावर टेकला, मग उठला, आणि राष्ट्रगीताला सगळे ताठ उभे राहिले. कुठलाच नियम मोडला नव्हता. गुडघे टेकले तेव्हा राष्ट्रगीताचा पहिला सूरही लागायचा होता. तरी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.