दहाची वेळ: रिचर्ड टिटमस

[दृश्य: जुनी विमा कचेरी, टेबलावर जाडजूड खातेवह्या]

१९२६ साली काउंटी फायर ऑफिस या ब्रिटिश विमा कंपनीत एक नवा कारकून रुजू झाला. नाव रिचर्ड टिटमस. जन्म १९०७चा, इंग्लंडमधल्या लूटन शहराजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरातला. शेती कधी धड चाललीच नाही. १४व्या वर्षी शाळा सुटली, मग थोडी हिशेबनिशी शिकून झाली. वडील वारले आणि घर या पोराच्या पगारावर आलं. त्या कंपनीत टिटमस यांनी १६ वर्षं काढली.

विम्याच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. आग नेमकी कोणाच्या घराला लागेल हे सांगता येत नाही, पण हजार घरांत किती घरांना लागेल याचा अंदाज बांधता येतो. टिटमस यांनी हीच नजर माणसांच्या मरणाकडे वळवली. कचेरी सुटली की ते सरकारी मृत्युनोंदी घेऊन बसत. त्यांची पत्नी ‘के’ ही बेरोजगारांमध्ये काम करायची. राजकारणाची गोडी त्यांना तिच्यामुळेच लागली. १९३८मध्ये पहिलं पुस्तक आलं. देशाच्या सुखवस्तू आग्नेय भागाशी तुलना केली, तर उत्तर इंग्लंड आणि वेल्समध्ये टाळता येण्यासारखी किती मरणं होतात, याचा त्यात हिशेब होता.

[दृश्य: १९३९, रेल्वे फलाट; गॅस मास्कचे डबे घेतलेली मुलं, कोटांना अडकवलेल्या चिठ्ठ्या]

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना शहरांबाहेर हलवलं गेलं. त्यांत बहुतेक शाळकरी मुलं आणि तान्ह्या बाळांच्या आया. खेड्यांतल्या बऱ्या घरांनी शहरी गरिबी पहिल्यांदाच आपल्या उंबरठ्याच्या आत पाहिली: डोक्यात उवा, पायांत फाटके बूट. युद्धकाळाचा हा सामाजिक इतिहास लिहायचं काम सरकारने टिटमस यांच्यावर सोपवलं. त्यांचं म्हणणं असं, की संकट सगळ्यांवर सारखं आल्यामुळे सगळ्यांसाठी सोयी करायला समाज तयार झाला. पुढच्या काही इतिहासकारांना हे चित्र जरा जास्तच गोड वाटलं. ती शंका अगदीच बिनबुडाची नव्हती.

पुस्तक आलं १९५०मध्ये. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने त्यांना प्राध्यापक नेमलं. पदवी? एकही नव्हती.

इथे विमा कचेरीतली वही पुन्हा कामाला आली. १९४८मध्ये सुरू झालेली, सगळ्यांना सरकारी खर्चाने उपचार देणारी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा देशाला बुडवणार, अशी ओरड होती. सरकारने चौकशी समिती नेमली. त्या समितीसाठी हिशेब करताना टिटमस आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रायन एबल-स्मिथ यांनी नुसते पौंड मोजले नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नातला किती वाटा या सेवेवर जातो, ते त्यांनी पाहिलं. १९४९-५०मध्ये तो ३.७५ टक्के होता, १९५३-५४मध्ये ३.२५. वाटा वाढला तर नव्हताच, उलट घटला होता.

१९५५च्या बर्मिंगहॅममधल्या व्याख्यानात त्यांनी त्याहून अडचणीचा प्रश्न काढला. गरीब आईला मुलासाठी भत्ता दिला तर त्याला सरकारी मदत म्हणतात. मग चांगल्या पगाराच्या बापाला त्याच मुलासाठी आयकरात सूट मिळते, तिला काय म्हणायचं? आणि कंपनीच्या पेन्शनला? पैसा दोन्हीकडे सुटतोच, फक्त एक रक्कम खर्चाच्या रकान्यात दिसते आणि दुसरी कुठेच दिसत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत टिकाऊ. आजही कोणत्याही देशाचं बजेट उघडा आणि हा प्रश्न विचारून पाहा.

[दृश्य: रक्तपेढी, शीतकपाटातल्या बाटल्या]

जगभर नाव झालं ते मात्र रक्तामुळे. १९७०चं ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हे पुस्तक. ब्रिटनमध्ये रक्त फुकट दिलं जाई, अमेरिकेत त्यातलं बरंचसं विकत घेतलं जाई. पैशाची नड असलेला माणूस आपला आजार लपवतो, आणि त्याच्या रक्ताबरोबर काविळीचे विषाणू रुग्णाच्या अंगात जातात. म्हणजे विकतचं रक्त जास्त धोक्याचं. १९७८मध्ये अमेरिकेने रक्ताच्या पिशवीवर ‘विकतचं’ की ‘स्वेच्छेचं’ असं लेबल सक्तीचं केलं. टिटमस यांचा आणखी एक दावा होता: रक्त विकलं जाऊ लागलं की लोकांची दानाची वृत्ती आटते. त्यावर अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी विचारलं: एकाने विकलं म्हणून दुसऱ्याला दान करायला कोण अडवतं? प्रश्न चोख होता, आणि टिटमस यांच्या पुस्तकात त्याचं पुरेसं उत्तर सापडत नाही.

[दृश्य: रुग्णालयाचा लांब कॉरिडॉर]

१९७३च्या एप्रिलमध्ये कर्करोगाने टिटमस गेले. त्याआधी ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमध्ये किरणोपचार घेत होते. तिथला अनुभव त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवला आहे. त्रिनिदादहून आलेला, २५ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण, त्यालाही कर्करोग. दोघांची वेळ एकच, रोज सकाळी दहा. कधी प्राध्यापक आधी आत जात, कधी तो मुलगा. कोण आधी जाणार, ते त्या दिवशीच्या लंडनच्या ट्रॅफिकवर ठरायचं.