खाणवाले भाऊसाहेब

नमस्कार मंडळी, आज बोलूया गोव्याच्या भाऊसाहेबांबद्दल, म्हणजे दयानंद बांदोडकर. जन्म १९११चा, पेडण्याचा. माणूस मूळचा धंद्यातला, लोखंडाच्या खाणी, माल मुरगाव बंदरातून परदेशी जायचा, आणि पैसा म्हणाल तर चिक्कार. देवळं, शाळा, नाटकं, गाणं, सगळीकडे सढळ हात.

१९६१ला पोर्तुगीज गेले आणि डिसेंबर १९६३मध्ये पहिली निवडणूक लागली. काँग्रेसला वाटलं गोवा मुक्त केला म्हणजे मतं आपलीच, पण खुद्द गोव्यात एक सीट मिळाली नाही! भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. गंमत म्हणजे भाऊसाहेब स्वतः उभेच नव्हते, तरी मुख्यमंत्री तेच झाले आणि नंतर मडकईतून पोटनिवडणुकीत निवडून आले.

आता बघा, खाणमालक माणूस, पण मागे उभे कोण, तर कुळं, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), बहुजन समाज, म्हणजे भाटकारांपुढे, जमीनदारांपुढे पिढ्यानपिढ्या मान खाली घालून जगलेली माणसं. १९६४ला कुळकायदा आला, गावोगाव मराठी शाळा निघाल्या. माझ्या मते त्यांचं खरं काम हेच, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची मागणी नाही.

अर्थात त्यांना स्वतःला हे पटलं नसतं, कारण गोवा महाराष्ट्रात ‘झालाच पाहिजे’ ही तर पक्षाची मुख्य घोषणा. यावर लोकांचं मत घ्यायचं ठरलं, पण भाऊसाहेबांचं सरकार असताना मतदान निष्पक्ष होणार नाही अशी विरोधकांची ओरड, म्हणून डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि १६ जानेवारी १९६७ला ओपिनियन पोल, म्हणजे जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. फुलाला १,३८,१७०, पानांना १,७२,१९१. हरले!

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता ना, पण मार्चमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी भाऊसाहेबांनाच परत खुर्चीवर बसवलं. मागणी नको पण माणूस हवा, असा सरळ हिशोब, आणि दिल्लीच्या भल्याभल्यांना तो कळला नसावा.

१९७०ला पक्षातलेच आमदार उलटले तरी सरकार टिकवलं, ७२ला पुन्हा जिंकले. १२ ऑगस्ट १९७३ला पदावर असतानाच गेले. मग मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि मुंडकारांना घरातून हुसकावता येऊ नये म्हणून कायदा झाला तो त्यांच्या काळात, १९७५ला.