जनाची आणि मनाची

नाशिककर या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. शिलालेखांतला त्रिरश्मी डोंगर तो हाच, आणि ही लेणी कोरली ती बौद्ध भिक्षूंसाठी.

१० क्रमांकाच्या लेण्यात या. मधे प्रशस्त मंडप, तिन्ही बाजूंना ओळीने खोल्या. त्यातली एक नीट पाहा. एक दार, खिडकी नाही, एका माणसापुरता दगडी ओटा. दार लावलं की आत काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही. बाहेर पाऊल टाकलं की सगळा संघ समोर.

भिक्षूला दोन्हीकडे सांभाळायचं असतं. वाईट करताना स्वतःचीच वाटते ती लाज म्हणजे हिरी. त्याच्या परिणामांची, जाणत्यांच्या बोलाची धास्ती म्हणजे ओत्तप्प. या दोन गोष्टी जगाचं रक्षण करतात, असं बुद्ध अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात सांगतात. आपण रागाने म्हणतो, ‘जनाची नाही तर मनाची तरी ठेव.’ भिक्षूला त्यातल्या ‘नाही तर’ची सोय नाही.

आणि मोह काही लांब नव्हता. ओसरीतला हा लेख क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाचे २४०. इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, २० भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो! इकडे विनय, म्हणजे भिक्षूंची आचारसंहिता, सांगतो, भिक्षूने सोनंनाणं घेऊ नये. पैसा उंबऱ्यापर्यंत आलेला असताना बाहेरून पहारा ठेवणार तरी किती?

दर पंधरवड्याला उपोसथ, म्हणजे संघाची सभा, असतो. पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीतले, नियम म्हटले जातात; थेरवाद या बौद्ध परंपरेत ते २२७ आहेत. प्रत्येक वर्गाच्या शेवटी तीनदा विचारतात, ‘यात तुम्ही शुद्ध आहात ना?’ गप्प राहणं म्हणजे होकार. दोष आठवत असूनही जो गप्प राहिला, तो जाणूनबुजून खोटं बोलला. दोघांचं मौन बाहेरून अगदी सारखं. सगळ्या विनयात मला हीच जागा सर्वांत अवघड वाटते.

म्हणून दोष आधीच सांगून टाकायचा. लहान असेल तर एका भिक्षूसमोर उकिडवं बसून, हात जोडून. तो विचारतो, ‘दोष दिसतो का?’ ‘हो, दिसतो.’ ‘पुढे जपून राहा.’

संघादिसेस, म्हणजे संघासमोरच न्यावा लागणारा गंभीर दोष, असेल तर एवढ्यावर भागत नाही. जितके दिवस तो लपवला, तितके दिवस परिवास, म्हणजे काही हक्क सोडून राहण्याची शिक्षा. मग सहा रात्रींचं मानत्त, म्हणजे प्रायश्चित्त. त्यानंतर किमान २० भिक्षू एकत्र बसतात आणि त्याला संघात परत घेतात.