दारातूनच हाक मारा

नमस्कार. दवाखान्यात माझ्या आईनं मला तीनदा विचारलं होतं, "ऑपरेशन कधी हाय गं?" आणि त्या वेळी दादाच्या छातीतल्या नळीतून ते 'ऑपरेशन' चालूच होतं. रक्ताची पिशवी लावतात तशीच पिशवी लावलेली, त्यात माझ्या रक्त तयार करणाऱ्या पेशी. यालाच बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडातल्या मगजाचं प्रत्यारोपण म्हणतात. आपल्या देशात ते पहिल्यांदा 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, तरी आपल्याकडं अजून लोकांना वाटतं की हाड फोडून काहीतरी बसवतात. तसं नसतं. पेशी रक्तात सोडल्या की त्या आपली जागा शोधत हाडाच्या पोकळीत जाऊन बसतात. मी पाच दिवस इंजेक्शनं घेतली आणि मग चार-पाच तास मशीनला जोडून बसले. हाडं ठणकली, पण काही दिवसांत मी शाळेत शिकवायला उभी होते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून कुणाच्या घरी तपासणीची वेळ आली तर भावंडांनी मागं राहू नये.

पण मला बोलायचंय ते त्यानंतरचं. दादाच्या नव्या पेशी वाढू लागल्या, सुट्टी मिळाली, आम्ही दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिलो. गावाकडं मात्र बातमी गेली, 'बरा झाला'. पेढे वाटले. खरं तर अवघड दिवस तेव्हा सुरू झाले. पहिले 100 दिवस तर डोळ्यात तेल घालून काढायचे असतात. जुनी प्रतिकारशक्ती औषधांनी पुसून टाकलेली, नवी अजून रांगत असते. त्यात माझ्या पेशींनी दादाचंच शरीर परकं समजू नये म्हणून प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या चालू. अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

माझी एक चूक सांगते. प्रतिकार दाबणाऱ्या त्या गोळीची रक्तातली पातळी तपासायची असते, त्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी घ्यायची. मी काळजीपोटी घरूनच देऊन निघाले. तपासणी वाया गेली, पुन्हा यावं लागलं. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी गोळ्यांचा डबा माझ्या पर्समध्ये. आणखी एक, पपनस द्यायचं नाही. फळ चांगलं, पण त्यानं या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

ताप 100.4 झाला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करायचा. परस्पर तापाची गोळी द्यायची नाही, ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो. एका रात्री आई म्हणाली, "उजाडू दे की." मी नाही थांबले. डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिक सुरू केलं.

मग गाव. औसा तालुक्यातलं आमचं घर, मागं कडब्याची गंजी, आणि आम्ही परतलो ते नेमकं सोयाबीनची रास चालू असताना. त्या धुळीत, भिजक्या कडब्यात, कूलरच्या जुन्या ताट्यात बुरशी असते. आपल्याला काही होत नाही, त्याच्या फुप्फुसात घर करू शकते. गंजी हलवली, कूलर बंद केला. टँकरचं पाणी खळखळ उकळून झाकून ठेवायचं. भाकरी तव्यावरची, वरण चुलीवरचं, शिळं काही नाही. चिरलेली काकडी-कांदा नाही.

सगळ्यात अवघड गेली ती माणसं. आपल्या मराठवाड्यात माया पायांनी चालत येते. मावशी परभणीहून नारळ घेऊन आली, आणि मी दारात उभी. आई रडली, "लेकराला बघू बी देईनास का गं?" मावशीला त्या आठवड्यात खोकला होता. अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकली, मावशी तिथून बोलली, दादा खिडकीत बसला. दोघं तासभर बोलले. नाती तुटली नाहीत हो. मी भीत होते, पण तुटली नाहीत.

ज्यांना मदत करावीशी वाटते त्यांनी प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, द्याव्यात. त्या पाच दिवसांपलीकडं टिकत नाहीत, म्हणून साठवून भागत नाही, माणूसच लागतो. चुलत्यांनी आमची रास काढून दिली. ती मदत मी विसरणार नाही.

आणि रुग्णाच्या मनाचं. दादा चिडायचा. तोंडाला चव नाही, दहा पावलांत दम. हा थकवा महिनोन्महिने राहतो, कुणाकुणाला वर्षभर. "आता तर बरा झालास ना" हे वाक्य आम्ही घरात बंद केलं. पेरणीचा, खताचा हिशेब मात्र त्याच्याकडंच ठेवला. एका पानाला दोन दिवस लागायचे, लागू दिले.

लहानपणीच्या लसींचं संरक्षण पुसलं जातं, म्हणून त्या पुन्हा घ्याव्या लागतात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र दोन वर्षांआधी नाहीत. पहिल्या लशीला चाळिशीचा दादा मास्क लावून बसला होता, बाजूला एक बाई तान्हं लेकरू घेऊन. तिनं विचारलं, "तुमचं बाळ कुठंय?" आई म्हणाली, "हेच की."